डंजन कापू नका, दंड तपासा

जुन्या रोल-प्लेइंग गेम (ज्यांत खेळाडू पात्रांची टोळी, म्हणजे पार्टी, घेऊन डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेले गुहा-तळघरांचे चक्रव्यूह, पालथे घालतो) नव्या आवृत्त्यांत येऊ लागल्यापासून एक वाद पुन्हापुन्हा उकरला जातो आणि दर वेळी तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. 'फायनल फँटसी'च्या पहिल्या सहा भागांची पिक्सेल रीमास्टर आवृत्ती 2023 मध्ये कन्सोलवर आली, तेव्हा वाटेत अचानक उपटणाऱ्या लढाया, म्हणजे रँडम एन्काउंटर, एका बटणावर बंद करायची सोय तिच्यात होती. लढाया जिंकून मिळणारे, पात्राला बळ देणारे अनुभवगुण चौपट करून घ्यायचीही होती. पणजी असो, म्हापसा असो की फोंडा, हे गेम खेळणारे चार जण जमले की त्यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, ही परीक्षेतल्यासारखी सरळसरळ कॉपी. आमच्या वेळी डंजन म्हणजे डंजन होतं, आजच्या पोरांना सगळं आयतं हवं. दुसरा म्हणतो, चाळिशीला टेकलो, नोकरी आहे, घर आहे, त्याच त्या भिंतींत तीन तास भटकायला फुरसत कोणाला. कापून टाका ती डंजनं.

दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात: डंजन अवघड असतं म्हणून चीड येते. माझा आक्षेप इथेच आहे. चीड आणणारी डंजनं एकेक करून तपासली तर बहुतेक ठिकाणी अवघडपणा निर्दोष सुटतो आणि संशय जातो तो दंडावर. चूक झाल्यावर गेम खेळाडूकडून काय वसूल करतो, आणि मुळात ती चूक खेळाडूची होती का? हे दोन प्रश्न विचारले की कुठलं डंजन आहे तसं ठेवायचं आणि कुठल्याची डागडुजी करायची, ते बऱ्यापैकी कळतं. कापायची पाळी क्वचितच येते.

सगळ्यात निर्दय म्हणून ज्याचं नाव घेतात तिथूनच सुरुवात करू. 'विझर्ड्री', 1981, ॲपल टू संगणकावर. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा, आणि गेमकडून नकाशा नाही. आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसायचं. त्यात 'स्पिनर' नावाचे चौकोन. त्यावर पाय पडला की पार्टीचं तोंड गुपचूप भलत्याच दिशेला वळतं, भिंती सगळीकडे सारख्याच असल्यामुळे ते लक्षातही येत नाही, आणि तिथून पुढचा नकाशा साफ चुकतो. ऐकायला हा शुद्ध जुलूम वाटतो. पण त्याच गेममध्ये जादूगाराच्या पहिल्याच पातळीच्या मंत्रांत 'डुमापिक' आहे. तो म्हटला की पार्टीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि वर जायच्या जिन्यापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती, खाली किती आलात, हे आकड्यांत समजतं. संशय आला की मंत्र म्हणायचा आणि कागदाशी ताडून बघायचं. जुळलं नाही, तर मागच्या ताडणीनंतरच्या चार-सहा चौकोनांतच कुठेतरी स्पिनर आहे. मंत्र मोजकेच मिळतात, म्हणून तो कधी खर्चायचा हा खरा निर्णय. शेवटच्या पातळीचा 'मालोर' पार्टीला हव्या त्या चौकोनावर नेऊन ठेवतो. आकडा चुकला आणि पार्टी दगडात उतरली तर सहाच्या सहा जण कायमचे गेले. दंड भयंकर आहे, पण आकडा खेळाडूने स्वतःच्या हाताने टाकलेला आहे. मला इथे तक्रारीला जागा दिसत नाही.

जुन्या तटाची सगळ्यात भक्कम बाजू आधी मान्य करू. 'फायनल फँटसी'च्या 1987 च्या पहिल्या भागातली दलदलीची गुहा घ्या. गुहेत सेव्ह करता येत नाही. सेव्ह करायचं तर गावातल्या सरायीत, नाहीतर बाहेर मोकळ्यावर तंबू ठोकून. गुहा गावापासून लांब, आत विष लावणारे प्राणी, तळाशी मुकुटाची पेटी आणि पेटीपुढे हमखास होणारी लढाई. म्हणजे निघण्यापूर्वीच हिशेब आला: औषधं किती, विषावरचे उतारे किती, जादूगाराचे मंत्र जाताना किती वापरायचे आणि येतानासाठी किती राखायचे. अर्ध्यावर औषधं संपत आली तर मागे फिरायचं की अजून एक खोली बघायची, या एका प्रश्नावर ती गुहा उभी आहे. एन्काउंटर बंद केले की उरतो तो रिकामा बोळ. इतकं मान्य केलं तर बटणाला 'कॉपी' म्हणणाऱ्यांचा राग समजतो.

पण त्याच मोहिमेच्या तयारीतलं दुसरं काम बघा. मूळ आवृत्तीत दुकानातून औषध एका वेळी एकच घेता येतं. साठ हवी असतील तर साठदा तेच: औषध निवडा, हो म्हणा, दुकानदाराचं वाक्य पुरं होऊ द्या, पुन्हा निवडा. किती घ्यायची हे पहिल्या औषधाआधीच ठरलेलं असतं. पुढची एकोणसाठ वेळची दाबादाबी कोणत्या चुकीची शिक्षा? आता याच्या शेजारी त्याच गेमची दुसरी बदनाम खोड ठेवा. दोन योद्ध्यांना एकाच शत्रूवर सोडलं आणि तो पहिल्याच वारात मेला, तर दुसऱ्याचा वार फुकट जातो. नंतरच्या आवृत्त्यांनी दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या, वार आपोआप पुढच्या शत्रूकडे वळू लागला, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी नाही टाकला. वार फुकट जाण्याच्या भीतीनेच तर खेळाडू 'याला मारायला एक पुरेल की दोघे लागतील' असा अंदाज बांधत होता. दुकान दुरुस्त करणं योग्य होतं; वार दुरुस्त केल्याने लढाई बोथट झाली. 'जुनाट त्रास' म्हणून दोन्ही एकाच टोपलीत टाकले की हा फरकच दिसेनासा होतो.

दंडाचं प्रमाण हा पुढचा मुद्दा. 1990 च्या 'फायनल फँटसी 3'चा शेवट असा: क्रिस्टल टॉवर चढायचा, वर झांडेशी लढायचं, तिथून थेट अंधाराच्या जगात, तिथे चार बॉस (टप्प्याच्या शेवटी येणारे बलाढ्य शत्रू), आणि मग शेवटचा बॉस 'क्लाउड ऑफ डार्कनेस'. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलवरच्या मूळ आवृत्तीत या पल्ल्यात सेव्ह पॉइंट एकही नाही. शेवटच्या बॉसच्या प्रत्येक झोताने पूर्ण पार्टीला मार बसतो. उपचार करणारा एक कमी घेतला, ही चूक खेळाडूची, मान्य. पण चूक आहे शेवटच्या पाच मिनिटांची आणि दंड आहे तास-दोन तासांचा, तोही आधीच जिंकलेल्या लढाया पुन्हा जिंकण्याचा. त्यात नवीन कळत काहीच नाही. परीक्षेत शेवटचं गणित चुकलं म्हणून पहिलीपासून शाळेत बसवण्याला कोणी 'दर्जा राखणं' म्हणेल का?

शिवाय हा दंड फक्त चुकणाऱ्यालाच बसतो असंही नाही. गोव्यात मिरगाचा पहिला वारा सुटला, माडाची झावळ तारेवर पडली की वाड्यावरची लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा. टीव्ही आणि कन्सोल बहुतेक घरांत त्यावर नसतात. टॉवरच्या वरच्या मजल्यावर पोचलेल्या खेळाडूने इथे कुठली चूक केली? चोडणच्या फेरीबोटीत मोबाइलवर खेळणाऱ्याकडे जेमतेम पाच-दहा मिनिटं असतात. धक्का आला की स्कूटर काढायचीच. फॅमिकॉम घरच्या टीव्हीला जोडून निवांत खेळायचं यंत्र होतं. गेम तिथून उचलून खिशात आणला की सेव्ह पॉइंटमधलं जुनं अंतर तसंच ठेवणं यात निष्ठा कसली?

यावर जुना तट म्हणतो, कुठेही सेव्ह दिलं की भीती संपली. प्रत्येक दाराआधी सेव्ह करायचं, वाईट झालं की मागे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही तितकंच जुनं आहे. 1980 च्या 'रोग'मध्ये गेम कधीही थांबवून सेव्ह करता यायचा, पण पुन्हा उघडताक्षणी ती सेव्ह फाइल पुसली जायची. थांबता येतं, पण मागे जाता येत नाही. लाइट जाईल असं वाटलं, फेरी लागली, की थांबा. हरलात तर हरलात. दलदलीच्या गुहेला एवढी सोय दिली तर तिची भीती रतीभरही कमी होत नाही. अट एकच, की गेमने ते दर काही पावलांनी आपणहून करावं, कारण झावळ विचारून पडत नाही.

रँडम एन्काउंटरचं काय? लढाया वाईट नसतात, पण भलत्या कामात लुडबुड करतात तेव्हा त्यांचा जाच होतो. 1998 च्या 'झेनोगिअर्स'मधला बेबेलचा मनोरा याचा नमुना. तिथे कठड्यांवरून उड्या मारत वर जायचं असतं. उडीचं बटण दाबावं तर नेमकी त्याच क्षणी लढाई सुरू व्हावी. लढाई संपून परत यावं तर उडी हुकलेली, अंदाज विसरलेला, आणि पडला की खालपासून पुन्हा चढण. उडी अवघड नव्हती, लढाईही नव्हती. दोन वेगळ्या कामांचे दंड एकमेकांच्या खात्यात जमा होत होते. अशा जागी एन्काउंटर बंद करायला माझी मुळीच हरकत नाही.

आणि हे बंद करणं नवं पाप आहे असं मानणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. 1986 च्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्येच दुबळ्या राक्षसांना लांब ठेवणारा मंत्र होता. 1994 च्या 'फायनल फँटसी 6'मध्ये मोग या पात्राच्या गळ्यात 'मूगल चार्म' घातला की एन्काउंटर पूर्ण बंद. 1996 च्या पोकेमॉनमध्ये रिपेल दुकानात उघड विकायला होता: साडेतीनशेला एक, शंभर पावलांपुरता, आणि तोही आपल्या संघात सगळ्यात पुढे ठेवलेल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलच्या प्राण्यांनाच अडवणारा. या साऱ्यात सवलत होती, पण ती कमवावी किंवा विकत घ्यावी लागायची, आणि तिला हद्द होती. रॉक टनेलमध्ये शिरताना रिपेल किती घ्यायचे हाही हिशेबच. नव्या बटणाचा दोष त्याच्या फुकटेपणात आहे. ते हिशेबच मोडीत काढतं. म्हणजे सवलत असण्यावर भांडण करण्यात अर्थ नाही, सवलतीची किंमत काय असावी यावर करावं.

आता ज्या डंजनांचा बचाव मला करताच येत नाही, ती. विशेष म्हणजे त्यांतली काही मुळीच अवघड नाहीत. 'फॉलआउट 2' (1998) सुरू होतो तो 'टेंपल ऑफ ट्रायल्स'मध्ये. त्याआधी गेम खेळाडूला अर्धा तास पात्र घडवायला लावतो: बोलण्यात पटाईत हवा, बंदूकबाज हवा की कुलपं उघडणारा, आवडेल ते निवडा. मग त्याला मुंग्या आणि विंचवांच्या देवळात भाला देऊन सोडतो. बंदूकबाजाला तिथे बंदूक नाही. बोलक्या पात्राला शेवटच्या माणसापर्यंत बोलायला कोणी नाही, कारण मुंग्या ऐकून घेत नाहीत. 2004 च्या 'व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स'मधली हॉलिवूडखालची गटारं त्याहून वाईट. तोवर गेमने शिकवलेलं असतं की मन वळवून, धाक घालून, मोहिनी टाकून वाट काढता येते. खेळाडू सगळे गुण त्यात ओततो, आणि मग लांबच लांब गटारात केवळ मांसाचे गोळे अंगावर येतात. लढाईत गुण न घातलेला खेळाडू इथे अक्षरशः अडकून पडतो. चूक कोणाची? ज्याने गेमच्या शब्दावर विश्वास ठेवला त्याची? नियम शिकवून ऐन वेळी ते बदलणाऱ्या डंजनाला 'आव्हान' म्हणणं ही शुद्ध चापलुसी आहे. अशी गटारं वगळणारे मॉड, म्हणजे गेममधले घरगुती फेरबदल, लोकांनी बनवले, याचं मला नवल वाटत नाही.

'ऑकरिना ऑफ टाइम' (1998) रोल-प्लेइंग आहे की नाही यावर वेगळं रण माजू शकतं, पण चिडक्या डंजनांची गोष्ट त्यातल्या जलमंदिराशिवाय पुरी होत नाही. इथे पाण्याच्या तीन पातळ्या. ठरलेल्या तीन जागी ओकारिना या फुंकून वाजवायच्या वाद्यावर धून वाजवली की पूर्ण मंदिरातलं पाणी वर किंवा खाली होतं. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, पाहिलेल्या माणसाला हे कोडं चटकन उमगावं: मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेचं, दार एका जागी असतं, पण ते उघडलं की मिटलं याचा परिणाम बांधाच्या आतल्या प्रत्येक शेतात दिसतो. एका खोलीत उभं राहून बाकीच्या खोल्यांत आता पाणी किती असेल हे डोक्यात धरायचं, ही कल्पना सुंदर आहे. मग चीड कशाची? लोखंडी बुटांची. बुडायला बूट घालायचे, तरंगायला काढायचे, आणि दर वेळी गेम थांबवा, साहित्याच्या पानावर जा, बूट निवडा, परत या. मंदिरभर हे कितीदा करावं लागतं त्याला गणती नाही. दुसरी चीड मधल्या खांबातल्या किल्लीची: पाणी मधल्या पातळीला आणलं की तिथला एक ठोकळा तरंगून वर येतो आणि खाली भोक उघडं पडतं. ते पाहायचं राहून गेलं तर एक किल्ली कमी पडते आणि खेळाडू तिन्ही पातळ्या पुन्हापुन्हा पालथ्या घालतो. 2011 मध्ये थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलवर हा गेम आला तेव्हा बूट एका बटणावर बसवले, आणि पाणी बदलायच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेघा भिंतींवर काढल्या. मंदिराचा आराखडा तसाच ठेवला. माझ्या लेखी दुरुस्तीचा हा आदर्श आहे. रेघा थोड्या जास्त झाल्या, एवढंच.

'पण जुन्या कर्त्यांना ते तसंच हवं होतं ना?' अर्धं खरं. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' 64 किलोबाइटच्या काडतुसात, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या कॅसेटमध्ये, बसवला होता. मोबाइलवरचा एक साधा फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा. एवढ्या जागेत खेळाचे तास वाढवायला चक्रावणाऱ्या बोळांइतकं स्वस्त काही नव्हतं, कारण भिंतीचा एकच तुकडा हजारदा वापरता येतो. 1989 च्या 'फँटसी स्टार 2'मध्ये वरून जाणारे पाइप पडद्याच्या पुढ्यात येऊन वाटच झाकतात, आणि मजल्यामजल्यांना जोडणाऱ्या नळ्या कुठून कुठे नेतील याचा अंदाज लागत नाही. अमेरिकेत तो विकताना खोक्यातच नकाशांची मार्गदर्शक पुस्तिका घातली होती. विकणाऱ्यालाच ज्यावर भरवसा नव्हता, ते आपण परंपरा म्हणून का जपायचं?

असंच भांडण आपल्याकडे संगीत नाटकावरून झालेलं आहे. जत्रेत पालखी आटपली की मध्यरात्रीनंतर पडदा वर जायचा आणि नाटक उजाडेपर्यंत चालायचं. पुढे तेच तीन तासांत बसवायची वेळ आली. एकाही पदाला हात लावायचा नाही म्हणणारे होते, पदं काढून गोष्ट तेवढी ठेवा म्हणणारेही होते. ज्यांनी वन्समोर आवरले, रंगवलेले पडदे बदलण्यातला वेळ वाचवला, त्यांचं नाटक टिकलं. ज्यांनी पदं सरसकट छाटली त्यांच्याकडे गद्याचा सांगाडा उरला. डंजनातलं पद कुठलं आणि पडदा बदलणं कुठलं, हे ओळखल्याशिवाय कात्री चालवणाऱ्या दुसऱ्या तटाचं माझ्याशी जमत नाही ते याच कारणाने. दुसऱ्यांदा खेळताना वगळलं तर गोष्ट वेगळी. 'बाल्डर्स गेट 2'चं सुरुवातीचं तळघर उडवणारा 'डंजन बी गॉन' हा मॉड पुन्हा खेळणाऱ्यांसाठी सोयीचाच आहे, कारण त्यांना तिथे काय आहे ते ठाऊक असतं. पहिल्याच खेपेला तो लावणाऱ्याला आपण काय गमावलं तेही कळत नाही.

आणि 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्यांना एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. इकडे घराघरांत होती ती नकली कन्सोलं, आणि त्यांच्या काडतुसांत मारियो आणि काँट्रा. हे लांबलचक रोल-प्लेइंग गेम बहुतेकांनी पुढे संगणकावर, एम्युलेटरवरच, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरच खेळले. झेडस्नेस या एम्युलेटरमध्ये एफ2 दाबलं की सेव्ह, एफ4 दाबलं की मागे; व्हिज्युअल बॉय ॲडव्हान्समध्ये स्पेसबार धरला की लढाई भर्रकन उरकते. ज्या कठोरपणाचे गोडवे गायले जातात तो एफ4 च्या कुबडीवर उभा होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग तीच सोय अधिकृत आवृत्तीत आली तर तिला पाप म्हणू नये.

राहता राहिली रोनची गुहा, 1987 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट 2'मधली, जिचं नाव काढलं की दोन्ही तट पुन्हा बाह्या सरसावतात. न दिसणारे खड्डे, त्याच जागी फिरवून आणणारे बोळ, आणि बाहेर पडल्यावर बर्फाळ पठार. मी त्यातले खड्डे बुजवणार नाही. खड्ड्याची जागा पक्की असते. एकदा पडलं की कागदावर फुली मारायची, पुढच्या वेळी तो चुकवता येतो. पठारावरच्या देवळात सेव्ह होतं, तेही ठीक. बदलायचं ते त्यापुढचं: 'झराकी' म्हणून एका झटक्यात जीव घेणारे राक्षस, आणि 'मेगान्ते' म्हणून स्वतःसकट अख्खी पार्टी उडवणारे. तिथे लेव्हल कितीही असो, तयारी कितीही असो, फासा उलटा पडला की खेळ खलास. गेमच्या या शेवटच्या टप्प्याचा तोल साधायला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, हे कर्त्यांनी पुढे मान्यही केलं आहे. 'मेगान्ते' काढूनच टाका असंही मी म्हणत नाही. म्हणण्याआधी त्या राक्षसाने एक फेरी नुसती तयारीत घालवली, आणि तेवढ्यात त्याला गाठून पाडायचं की पळ काढायचा एवढं ठरवायला मिळालं, तरी बाकीचं पठार आहे तसं चालेल.